एकच मात्रा

पाण्याचा वाल उघडायच्या लांब लोखंडी चावीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि मोकळा हात वर करायचा. हात वर झाला की भोवतालचे सगळे गप्प. भाजीवाली गप्प, रिक्षावाला इंजिन बंद करून गप्प, एकदा तर नगराध्यक्षही फोन कानाला तसाच धरून गप्प उभे राहिलेले मी पाहिलेत. मग जरा वेळानं डोळे उघडून आमचे मामा एकच शब्द बोलायचे.

"बोलतंय."

म्हणजे पाणी. रस्त्याखालच्या पाइपातून चाललेलं पाणी. ते कुठं फुटलंय, कुठं अडलंय, कुणी चोरून मोटार लावलीय, हे सगळं त्यांना त्या चावीतून ऐकू यायचं. "बोलत न्हाई" म्हणाले की तिथं खणायचं, आणि खणलं की हमखास तिथंच काहीतरी निघायचं. मीही एकदा गुपचूप कान लावून पाहिला होता. मला फक्त कानाला गार लोखंड लागलं.

आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. शिरूर आणि दौंडच्या मधलं आहे, एवढं पुरे. पुढं सांगते ती चूक माझी आहे, उगाच गावाला बोल नको. ग्रामपंचायत होती तेव्हापासून हे गृहस्थ गावाला पाणी सोडायचे, मग नगरपंचायत झाली आणि पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा बदलला, पण सगळ्यांच्या तोंडी ते वालमनच राहिले. बुटके, काटक, डोक्यावर टोपी, खिशात बडीशेपेची पुडी. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांचंही नाव सांगत नाही, पण पहिलं अक्षर मला सांगावंच लागेल, कारण सगळा घोटाळा त्या अक्षरानं केला. ते होतं 'के'. केशव, केरबा, केरू, काय हवं ते धरा. हजेरीपटावर ते 'के.', एक टिंब आणि पुढं आडनाव, असे होते.

मी त्याच कार्यालयात लिपिक. तोंडाची फटकळ आणि शुद्धलेखनाची पक्की म्हणून गावाला सूचना देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आज कुठल्या गल्लीला पाणी, कुठला रस्ता खणलाय, वाचनालय किती वाजता उघडणार, डोळे तपासणी कुठं, हे सगळं रोज मोबाइलवरून ग्रुपवर आणि नगरपंचायतीच्या पानावर टाकायचं. मामा पहाटेची पाळी संपवून दहाच्या सुमारास माझ्या टेबलाशी यायचे, उद्याचं पाणी सांगायचे आणि मी लिहिलेलं मला मोठ्यानं वाचायला लावायचे.

मी वाचायचे, की अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा कमी दाबाने व अनियमित वेळेत होण्याची शक्यता आहे, तरी नागरिकांनी सहकार्य करावे.

"म्हंजी पानी येनार का न्हाई?"

"येणार, पण उशिरा."

"मग तेवढंच लिवा की म्याडम. बाया हंडे घेऊन उभ्या ऱ्हात्यात, त्यास्नी शक्यता काय करायचीय?"

मी चिडायचे. सरकारी भाषेला एक वजन असतं, असं काहीतरी त्यांना ऐकवायचे. ते बडीशेप तोंडात टाकून हसायचे आणि जायचे. खरं सांगते, असा राग यायचा ना की दिवसभर डोक्यातून जायचा नाही. कारण त्यांचं बरोबर होतं.

आमच्याकडे नदीकाठी एक बाग आहे. तिथल्या प्रत्येक बाकावर कुणाचं तरी नाव आहे आणि प्रत्येक नावाआधी 'कै.' आहे. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, कै. तमुक यांच्या स्मरणार्थ. पाणपोईवर तेच, एसटीच्या थांब्यावर तेच, वाचनालयाच्या कपाटावर तेच. मामा दुपारी त्यातल्या एका बाकावर डबा खायचे. एकदा मीही तिथं होते. डब्याचं झाकण लावता लावता ते मागं वळून बाकावरचं नाव वाचत बसले आणि म्हणाले, "ह्या गावात नाव लागायचं तर आधी मराया लागतं बघा."

ते हसण्यावारी बोलले, पण मला ते लागलं. मी पटकन बोलून गेले, "मामा, तुमचं नाव मी जित्तेपणी लावून दाखवते."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "बगा हां," म्हणाले.

आणि योगही लवकरच आला. गावाला नवी पाणीयोजना मंजूर झाली, नवा तरुण इंजिनिअर आला आणि त्यानं पहिल्याच दिवशी जुन्या पाइपलाइनचा नकाशा मागितला. नकाशा कुठला असायला? सगळा नकाशा मामांच्या डोक्यात. पन्नासच्या वर वाल, काही डांबराखाली गेलेले, काही लोकांनी ओटे बांधून गिळलेले. शेवटी ठरलं की मामांनी चालत सांगायचं आणि मी मागून चालत लिहायचं. पुढं मग महिनाभर रोज सकाळी आम्ही दोघं गावभर फिरत होतो. पुढं ते, हातात चावी. मागं मी, हातात वही.

त्यांचं मोजमाप म्हणजे त्यांची पावलं. "लिवा, न्हाव्याच्या पायरीपासनं धा पावलं, मारुतीकडं तोंड करून. वाल उघडायचा अकरा फेरं, मग अर्धा मागं. अर्धा मागं न्हाई घेतला तर खालच्या आळीला पानी जात न्हाई." मी लिहीत होते. "आता चिचंपासनं सात पावलं." मी विचारलं, कुठली चिंच? तिथं मोबाइलचं दुकान होतं. "व्हती की चिच. तोडली त्यास्नी." तरी ते चिंचेपासूनच मोजायचे.

इंजिनिअर कपाळाला हात लावायचा. मीटरमध्ये सांगा, म्हणायचा. मामा म्हणायचे, "सायेब, मीटर मला कुठं ठावं? माझी पावलं हायेत." तोही बिचारा हट्टानं तीच पावलं टाकून बघायचा. पण तो सहा फुटी, त्याची सात पावलं गटारात जायची. मी मागून चालून चालून मात्र शिकले. लहान पाऊल, टाच आधी टेकायची, आणि चढावर आणखी लहान. साडीत मला ते सोपंच होतं म्हणा.

असा तो नकाशा झाला. मोठ्या कागदावर, माझ्या अक्षरात, गल्ल्या निळ्या शाईनं आणि वाल लाल. मापं सगळी पावलांत.

त्याच सुमारास नगरपंचायतीनं जुन्या कोंडवाड्याचं वस्तुसंग्रहालय करायचं ठरवलं. तो मोकाट जनावरं कोंडायचा दगडी वाडा बरीच वर्षं रिकामा होता. लोकांनी घरातली जुनी जाती, पायल्या, मोटेची चाकं, तलाठ्याची पेटी असं काय काय आणून दिलं. मुख्याधिकारी म्हणाले, तो पाण्याचा नकाशाही लावू. मामांनी त्यांची पहिली, झिजलेली चावी दिली. आणि मी ठरवलं, नकाशाखाली फलक लावायचा, त्यावर मामांचं नाव. जित्तेपणी.

फलकाचा मजकूर मी मोबाइलवरच लिहिला, फ्लेक्सवाल्याला पाठवला आणि तोच आदल्या दिवशी संध्याकाळी नगरपंचायतीच्या पानावर टाकला. 'उद्या वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन. गावाच्या जुन्या जलवाहिन्यांचा एकमेव नकाशा पाहायला मिळणार.' खाली नाव.

आता ऐका. आमच्या पानावर दर दोन दिवसांनी कुणाची तरी श्रद्धांजली असते. माझ्या मोबाइलला त्याची इतकी सवय झालेली की 'क'ला एक मात्रा दिली की दुसरी तो आपली आपण देतो. मी 'के.' लिहिलं. त्यानं 'कै.' केलं. शुद्धलेखनाची पक्की मी, वेलांटीवरून शिपायाला झापणारी मी, पुन्हा वाचलंसुद्धा नाही. घरी जाऊन भाकरी थापल्या आणि झोपले.

उद्घाटनाला बाहेरगावचे एक पाहुणे आणले होते. बोलायला चांगले, पण गावात कुणालाच ओळखत नव्हते. भाषण करता करता ते नकाशाकडे वळले, खालचा फलक वाचला आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. म्हणाले, ज्यांनी पायी फिरून हा अमूल्य नकाशा गावाला दिला, ते आज आपल्यात नाहीत, हे वाचून मन भरून आलं. आपण सारे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या.

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. उठा म्हटलं की उठायचं, मान खाली घाला म्हटलं की घालायची, कोण गेलं ते नंतर विचारता येतं. मी फलकाकडे पाहिलं. दोन मात्रा. ओरडावं असं वाटत होतं. मुख्याधिकारी माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतेय, दोघंही सावधान.

आणि मामा कुठं होते? ते मागं, चहाच्या टाकीत पाणी भरायला नळी लावत होते. लोक उठलेले पाहून त्यांनी नळी बाजूला ठेवली, पुढं आले, टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घालून उभे राहिले. दोन मिनिटं. पुरी दोन मिनिटं तो माणूस स्वतःसाठी उभा होता, आणि इतका मनापासून उभा होता की मला ते बघवेना. असा धक्का मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच बसला, आणि त्यापेक्षा मोठा अजून बसायचा होता, ते मला माहीत नव्हतं.

दोन मिनिटं संपली. टोपी घालत ते माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "म्याडम, कोन गेलं?"

मी फलकाकडे बोट दाखवलं. त्यांनी फलक वाचला. ओठ हलवत, सावकाश, दोनदा. तेवढ्यात दारात रडारड ऐकू आली. मांडवगण फराट्याला दिलेली त्यांची थोरली बहीण सकाळी पोराच्या मोबाइलवर ते पान वाचून, मिळेल ती एसटी पकडून आली होती. घरी कुलूप, म्हणून शेजाऱ्यांनी तिला इकडं धाडलेलं. पदर तोंडाला लावून ती आत आली आणि समोर भाऊ उभा. ती तिथंच थबकली. मग पुढं झाली आणि त्यांच्या पाठीत असा एक धपाटा घातला की टोपी खाली पडली. "मेल्या," ती म्हणाली, "जित्ता हायेस व्हय."

लोक हसले. पाहुणेसुद्धा हसले, खजील होऊन. बहीणही हसता हसता पुन्हा रडायला लागली. मामा हसले नाहीत. त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमीच म्हनला व्हता, जित्तेपनी लावते."

त्यानंतर आठ दिवस ते माझ्या टेबलाशी आले नाहीत. पाण्याच्या वेळा शिपायाच्या हाती चिठ्ठीनं यायच्या. मी फ्लेक्स नवा करून आणते म्हणून निरोप धाडला, तर उलटा निरोप आला की गरज नाही. गावात चेष्टा सुरूच होती. नळाला पाणी कमी आलं की बाया म्हणायच्या, आज स्वर्गातून सोडलंय वाटतं. मला ते ऐकवायचं नाही.

नवव्या दिवशी सकाळी ते आले. कोंडवाड्याची किल्ली त्यांच्या हातात. "चला," म्हणाले. मी मुकाट्यानं मागं गेले. फलकापुढं उभं राहून त्यांनी मला सांगितलं, "तुमी घातली, तुमीच काढा."

मी पदराची सेफ्टी पिन काढली आणि ती वरची मात्रा खरवडायला लागले. फ्लेक्स चिवट असतो, रंग लवकर निघत नाही. नखं लावली, पिन वाकली. मामा शेजारी उभे होते. शेवटचा काळा ठिपका गेला आणि तिथं पांढरा ओरखडा राहिला. मग त्यांनी संग्रहालयात ठेवलेली स्वतःचीच जुनी चावी उचलली, एक टोक फलकाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले आणि हात वर केला.

"बोलतंय," म्हणाले.

मला रडू आलं. मी रडलेही, त्यात लपवायचं काय. ते म्हणाले, "आता पुरं झालं. उद्याचं पानी लिवा."

त्यानंतर मात्र त्यांना तिथं जायचा नादच लागला. शेवटच्या गल्लीचं पाणी बंद केलं की माझ्या टेबलाशी यायच्या आधी कोंडवाड्यात एक चक्कर. यवतचे साडू आले तर त्यांना नेऊन दाखवलं. कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जाणारा पुतण्या सुट्टीला आला, त्यालाही नेलं. प्रत्येकाला तो पांढरा ओरखडा दाखवायचे आणि सांगायचे, हितं मी गेलो व्हतो, आन् हितनं परत आलो.

पुढचा उन्हाळा आला. रविवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणं लिहिलं. त्यांच्या पद्धतीनं, आता मी तसंच लिहायला लागले होते. 'उद्या वरच्या आळीला सहाला पाणी येणार. खालच्या आळीला सातला.'

सोमवारी सहाला पाणी आलं नाही. साडेसहालाही नाही. सातला माझा फोन वाजायला लागला तो थांबेना. म्याडम, तुम्हीच लिहिलंय ना, मग पाणी कुठंय? आम्ही हंडे घेऊन उभ्या आहोत. कुणीतरी मामांच्या नावानं चार शिव्याही हासडल्या. मलाही राग आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही खोटं पाडलं नव्हतं. मी तणतणत फोन लावला. मामींनी उचलला.

"मामा कुठंत? गाव खोळंबलंय."

"ते उठलं न्हाईत," मामी म्हणाल्या. "हलवून बगितलं. डाक्टर आत्ताच येऊन गेलं. गेलेत म्हनं."

आणि मी काय बोलले, सांगू? मला आजही स्वतःची लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "मग पाणी कोण सोडणार?"

शब्द तोंडातून गेले आणि मग माझ्या कानावर आले. पलीकडून मामी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "चावी दाराशी ठिवलीय. न्या."

चावी आणायला मीच गेले. इंजिनिअर नकाशा भिंतीवरून काढून घेऊन आला. तो नकाशा उलटासुलटा करून बघत होता. न्हाव्याच्या पायरीपासून त्यानं दहा पावलं टाकली, गटारापाशी गेला आणि तिथंच उभा राहिला. "म्याडम, सापडत नाहीये," म्हणाला.

मी पायरीला टाच लावली. मारुतीकडे तोंड केलं. लहान पाऊल, टाच आधी. एक, दोन, तीन. बाया हंडे घेऊन दारात उभ्या होत्या, तोवर सगळ्यांना कळलं होतं. दहाव्या पावलाला माझ्या चपलेखाली लोखंडी झाकण वाजलं. इंजिनिअरनं चावी घातली, अकरा फेरे, मग मी सांगितलं अर्धा मागं. तिथून मोबाइलच्या दुकानापाशी, नसलेल्या चिंचेपासून सात. तिथून चढावर, आणखी लहान पावलं. नऊपर्यंत मी अख्ख्या गावात मामांच्या पावलांनी चालले आणि एकही वाल चुकला नाही. शेवटी खालच्या आळीतल्या एका नळातून पाणी पडलेलं ऐकलं.

मग मी तिथंच ओट्यावर बसून ग्रुपवर लिहिलं. 'आज पाणी उशिरा आलं. पाणी सोडणारे आपले मामा पहाटे गेले. अंत्यविधी अकरा वाजता.' अपरिहार्य नाही, तांत्रिक नाही. त्यांनी वाचायला लावलं असतं तर पास केलं असतं.

पंधरा दिवसांनी मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, तेही स्मशानात शेवटपर्यंत थांबले होते. फाइलवर सही करता करता म्हणाले, "बाई, कोंडवाड्यातल्या त्या फलकावर आता दुरुस्ती करून घ्या. एक मात्रा वाढवायचीय फक्त. मार्करनं होईल. केल्याचं पानावरही टाका."

दुरुस्ती. माणूस होता तेव्हा माझी चूक होती, माणूस गेला आणि तीच आता दुरुस्ती झाली.

मी मार्कर घेऊन गेले. टोपण काढलं. पांढरा ओरखडा बरोबर तिथंच होता, नुसती रेघ ओढायची. मी टोपण परत लावलं, जुनी चावी उचलली, फलकाला टेकवली आणि कान लावला. लोखंड गार होतं.

परत येऊन मी पानावर लिहिलं, 'वस्तुसंग्रहालयातील फलकावर आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली आहे.' इतक्या वर्षांत गावाला जाणूनबुजून दिलेली ही एकच खोटी सूचना. कुणी तपासायला गेलं नाही. तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर कोंडवाड्यात जा, पाण्याच्या नकाशाखाली बघा. तिथं अजून एकच मात्रा आहे.